बसायला ठेवलेला माणूस

तुळशीरामचं काम बसण्याचं होतं. पनवेलच्या बाजारात कुणी पोती उचली, कुणी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवी, कुणी सुकी मासळी निवडी. तुळशीराम सकाळी कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसे आणि दिवेलागणीला उठे. शिवी द्यायची नाही, हात उगारायचा नाही, पैसेसुद्धा मागायचे नाहीत. "का रे बसलास?" असं कुणी विचारलंच तर "दयारामशेठनी धाडलंय" एवढं म्हणायचं आणि पुन्हा तोंड मिटायचं.

बाकीचं काम गल्ली करते, असं दयारामशेठ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सुरुवातीला घरातली माणसं ओट्यावरच्या माणसाकडे बघायचं टाळत. मग शेजारी त्या घराकडे बघायचं टाळत. वाणी उधारी बंद करी, ठरत आलेलं लग्न अडून बसे, घरधनी मागच्या दाराने कामाला जाऊ लागे. शेवटी एक दिवस बायकोच्या हातातल्या पाटल्या नाहीशा झालेल्या दिसत आणि तुळशीरामला दुसऱ्या ओट्यावर जाण्याचा हुकूम येई.

शेठचं दुकान दोरखंड, पत्र्याचे डबे आणि रॉकेलचं. सावकारी मागच्या खोलीत चाले. स्वातंत्र्याच्या सुमाराला सावकारीचा नवा कायदा आला होता. सावकाराने परवाना काढायचा, कर्जदाराला हिशोब लिहून द्यायचा, ठरवून दिलेल्याहून जास्त व्याज लावायचं नाही. ज्यांनी परवाने काढले ते कोर्टात दावे लावत राहिले. दयारामशेठनी काढला नाही. बिनपरवान्याच्या सावकाराचा दावा कोर्ट मान्य करत नाही, तेव्हा वसुलीला त्यांना कोर्टाबाहेरची वाट हवी होती. ती वाट तुळशीरामच्या पायांनी जात होती.

तो मूळचा उरणच्या बाजूचा, मिठागरावरचा. त्याच्या बायकोचा, भामाचा, भाऊ महादेव याने मासेमारीच्या मचव्यात हिस्सा घ्यायला शेठकडून पैसे उचलले. "जामीन कोण?" असं शेठनी विचारलं, तेव्हा तुळशीराम म्हणाला, "मी हाय ना." महादेव पुढे मुंबईच्या गोदीत म्हणून गेला तो गेलाच. शेठनी तुळशीरामला मिठागरावरून उठवून पनवेलला आणलं, दुकानामागच्या गोदामाच्या पडवीत राहायला जागा दिली आणि बसण्याची मजुरी व्याजात वळती करायला सुरुवात केली. मजुरी चालू होती, व्याजही चालू होतं, आणि व्याज नेहमी हातभर पुढे असे. मिठागरात खाडीचं पाणी वाफ्यात घेतात, मग बांध बुजवतात, आणि पाण्याला परत जायला वाट उरत नाही. पुढे ऊन आपलं काम करतं. तुळशीरामने जन्मभर पाण्याला असं कोंडलं होतं. पाण्याच्या बाजूने त्याने कधी विचार केला नव्हता.

या कामाला एक नियम होता, आणि तो शेठचा नव्हता, गावाकडचा जुना होता. ज्याच्या दारी तगाद्याला बसायचं त्याच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. पाणी घेतलं की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याला काही मागता येत नाही. तुळशीराम आपला पाण्याचा तांब्या घरून नेई.

त्या हिवाळ्यात त्याला राफेल वाकरूळकरच्या ओट्यावर धाडलं.

राफेल एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. म्हाताऱ्या वडलांच्या मुंबईतल्या ऑपरेशनसाठी त्याने शेठकडून तीनशे रुपये घेतले होते आणि पाचशेच्या कागदावर सही केली होती. तीनशेच्या वर फेडून झाले होते. कागद पाचशेचाच राहिला होता. घर बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं; शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाच्या तोंडी शनवार तेल्यांचं, जरी त्या घरात तेलाचा घाणा फिरून दोन पिढ्या झाल्या होत्या. जातायेता घरातलं प्रत्येक माणूस दाराच्या चौकटीवर तिरप्या बसवलेल्या एका नळीला बोटं लावी आणि ती बोटं ओठांना टेकवी. तुळशीरामला कुणी काही सांगितलं नाही, पण तिथे त्यांचा देव आहे एवढं त्याला कळलं, आणि आपली पाठ त्या चौकटीला लागणार नाही अशा बेताने तो बसू लागला.

शुक्रवारी सूर्य मावळला की त्या घरात कुणी विस्तवाला हात लावत नसे. शनिवारी सकाळी शेजारची ठमाबाई येऊन चूल पेटवून देई; वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. पण तगाद्याचा माणूस ओलांडून त्या घरात जायचं म्हणजे उद्या आपल्याही नावाची चर्चा. पहिल्या शनिवारी ठमाबाई आपल्या उंबऱ्यापर्यंत आली, तुळशीरामकडे पाहिलं, आणि पदर सावरून आत वळली.

आतून राफेलच्या म्हाताऱ्या वडलांचा, इनॉकबाबांचा, खोकला ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने राफेलची बायको सिप्पोरा दारात आली. तिने तुळशीरामकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "चूल विझलीय."

तुळशीरामने आपला तांब्या जरा जवळ ओढला.

"बाबांना खोकल्यावर ऊन पाणी लागतं," ती भिंतीला म्हणाली.

"मंग पेटवा ना, बाई."

"आज शनिवार आहे."

"मंग मला सांगता काय पेटवायला?"

"नाही. सांगता येत नाही आम्हाला. चूल विझलीय, एवढंच म्हणाले."

आतून इनॉकबाबांनी हाक मारली, "सिप्पोरा, कुणाशी बोलतेस गं?"

"भिंतीशी, बाबा."

"मग भिंतीला म्हणावं, जरा लवकर कर."

तुळशीरामला हसू आलं आणि हसू येताच तो दचकला, कारण ओट्यावर बसून हसायची त्याला सवय नव्हती. तो उठला, आत गेला, राखेखालचा निखारा शोधला, फुंकणीने फुंकला, दोन गोवऱ्या रचल्या आणि पाण्याचं पातेलं चढवलं. कुणी त्याला धन्यवाद दिले नाहीत. तो बाहेर येऊन पुन्हा आपल्या जागी बसला. शनिवारी त्या घरात पैशालाही हात लावत नसत, तेव्हा द्यायचं घ्यायचं काही नव्हतंच. रविवारी सकाळी त्याच्या शेजारी झाकलेलं ताट आलं. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. तुळशीरामने झाकण उचललं, परत ठेवलं. मग इकडेतिकडे पाहून जेवला, आणि वर त्याच घरचं पाणी प्यायला.

पुढच्या शनिवारी सिप्पोराने भिंतीला सांगायच्या आधीच तो उठला.

दिवस जात राहिले. तो बसत होता आणि घर कोंडलेलं होतं. वाण्याने तांदूळ रोखीनेच द्यायला सुरुवात केली. राफेलच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, औषधांच्या कपाटाची किल्ली आता माझ्याकडेच असू दे, असं सहज म्हणत ती काढून घेतली. राफेल ते घरी येऊन सांगत होता तेव्हा तुळशीरामला ओट्यावर सगळं ऐकू येत होतं. शनिवारी चूल पेटवणारा हात आणि आठवडाभर घराचा श्वास कोंडणारा देह एकाच माणसाचा होता, आणि त्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. एकदा ठमाबाईने आपल्या उंबऱ्यावरून विचारलं, "काय रे, तगाद्याला बसलायस का नोकरीला लागलायस?"

"दोनी," तुळशीराम म्हणाला.

हा विनोद ठमाबाईने बाजारात चार जणींना सांगितला आणि तो दयारामशेठच्या कानावर गेला. शेठनी बोलावून घेतलं. तुळशीराम शिव्या खायच्या तयारीने उभा राहिला. शेठ नुसते हसले. "बरं केलंस. खा, पी. बस तिथेच."

राफेलने त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दिवा लावल्यावर बाहेर येऊन त्याच्याशेजारी बैठक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"तुळशीराम, मी फिर्याद करणार आहे. कर्ज वसुलीसाठी कर्जदाराच्या घराजवळ रेंगाळत राहणं हा गुन्हा आहे. सावकारीच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाचशेपर्यंत दंड."

"शेठला?"

राफेल ओशाळला. "शेठचंही नाव घालतोय. पाठवणाराही गुन्हेगारच. पण शेठला इथे बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. पाहिलंय ते तुला."

तुळशीरामने तांब्यातलं पाणी हलवून पाहिलं. "मलापन शेठचंच देनं हाय, सायब. मेव्हन्याचं. माज्यासाठी काय कायदा नाय?"

"आहे की. कागद केलाय का काही?"

"नाय. जबान."

"आणि शेठकडे परवाना नाही. मग कोर्टात तुझ्याकडून त्याला एक पै वसूल करता यायची नाही. कायद्याने तू मोकळा आहेस."

"कायदा र्‍हातो कुठं?" तुळशीरामने विचारलं. "नाय, मी शेठच्या पडवीत र्‍हातो. कायद्याच्या पडवीत जागा असंल तर बघा."

आतून सिप्पोराचा आवाज आला, "त्याचं नाव घालू नका हो." राफेल म्हणाला, "मग कुणाचं घालू? भिंतीचं?"

समन्स आलं तेव्हा शेठनी आपल्या वकिलांना दुकानात बोलावलं. वकील गोरेपान, हसतमुख. तुळशीरामला त्यांनी डब्यांच्या उतरंडीपाशी बसवलं आणि समजावलं, "तू त्यांच्या घरी शनिवारी चूल पेटवतोस. बदल्यात जेवतोस. बरोबर? म्हणजे तू त्यांचा कामाचा माणूस. कामाचा माणूस ओट्यावर बसणार नाही तर कुठे बसणार? कोर्ट तुला विचारेल, तेव्हा एवढंच सांगायचं. शेठचं नाव काढायचं नाही."

"पन मी शनवार सोडून बी बसतो."

"कामाच्या आशेने बसतोस. गरीब माणूस आहेस." वकील स्वतःवरच खूश झाले. "शेठ, हे एकदा कोर्टात सिद्ध झालं ना, की याला त्या ओट्यावरून कुणी उठवू शकत नाही. फिर्याद खोटी ठरली तर कंपाउंडर पुन्हा कोर्टाचं नाव काढणार नाही. आणि मी तर म्हणतो, प्रत्येक घरी असंच थोडं काम करू दे. लाकूड फोड, पाणी भर."

शेठनी तुळशीरामकडे पाहिलं, एखाद्या जुन्या दोराला अजून किती ताण सोसेल ते बघावं तसं. "जमेल ना रे, तुळश्या?"

"जमंल."

रात्री भामाला त्याने सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "बोल की मंग, वकील सांगतो तसं," ती म्हणाली. "तू आत गेलास तर शेठ मला या पडवीत ठेवील? का महादेवची भैन म्हनून बाहेर फेकील?"

"तुज्याच भावापाई झालाय ह्या सगला."

"माज्या भावाला जामीन र्‍हा म्हनून मी सांगितलं होतं? तूच बोललास, मी हाय ना. मोठा आलाय, मी हाय ना."

खरं होतं ते. तुळशीराम म्हणाला, "वकील बोलला, तिथून मला कोन उठवू शकनार नाय."

"मंग चांगलंच की."

"भामे, कोनच उठवू शकनार नाय."

भामाचा हात सुपात थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खडे वेचू लागली.

तुळशीरामला झोप लागली नाही. आजवर प्रत्येक ओट्याला अंत होता. पाटल्या विकल्या जात, माणूस हात जोडी, ओटा सुटे. स्वतःच्या देण्यालाही कुठेतरी अंत असेल, महादेव परत येईल, शेठ मरतील, असं काहीबाही त्याने धरून ठेवलं होतं. आता वकिलांनी त्याच्या बसण्याला कायद्याचं छप्पर घालायचं ठरवलं होतं. घरोघर तो लाकडं फोडणार, पाणी भरणार, आणि लोक समजणार की हा कामाला आलाय, आणि लोक समजतील तसं कायदाही समजणार. मग गुन्हा कुठला आणि गुन्हेगार कोण? त्याचं बसणं हा गुन्हा होता, म्हणजे ते कधीतरी थांबवता येणार होतं, हेच त्याच्याजवळ एक होतं. तेही ते काढून घेत होते.

कोर्टात त्या दिवशी गर्दी बेताची होती. ठमाबाई आली होती, कोळीवाड्यातली शेठची दोनचार देणेकरी मंडळी मागच्या बाकावर होती, शेठना वकिलांशेजारी खुर्ची मिळाली होती. राफेलने आपली हकीगत नीट, न अडखळता सांगितली. शेठच्या वकिलांनी त्याला फारसं छेडलं नाही. त्यांना सिप्पोरा हवी होती.

"बाई, हा आरोपी तुमच्या घरात शनिवारी चूल पेटवतो, हे खरं?"

"खरं."

"तुम्ही त्याला जेवण देता?"

"रविवारी. शनिवारी मोबदला म्हणून काही द्यायचं नसतं."

"म्हणजे कामाचा मोबदलाच दिलात. चूल पेटवायला त्याला तुम्हीच सांगितलंत ना?"

"नाही. आम्ही सांगत नाही."

"मग तो आपल्या मनाने तुमच्या स्वयंपाकघरात शिरला?"

"मी म्हणाले, चूल विझलीय."

"कुणाला म्हणालात?"

सिप्पोरा शपथेवर होती. "भिंतीला," ती म्हणाली.

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेटसुद्धा हसले आणि मग चष्मा पुसत बसले. वकिलांनी हात पसरून म्हटलं की आपल्याला आणखी काही विचारायचं नाही. चूल पेटवणारा माणूस ओट्यावर बसला तर ते रेंगाळणं होत नाही, आणि आपले अशील दयारामशेठ तर दोरखंडाचे व्यापारी आहेत, ते कुणाला कर्ज देतच नाहीत. राफेलचा चेहरा पडला. सिप्पोरा खाली बसली तेव्हा तिची मान वर होत नव्हती. खरं बोलून तिने आपलीच बाजू बुडवली होती.

मग तुळशीरामला पुढे बोलावलं. साक्षीदारांना देवाची शपथ घातली गेली तशी आपल्यालाही घालतील, म्हणून तो हात पुढे करून उभा राहिला. कारकून म्हणाला, "हात खाली घे. आरोपीला शपथ नसते."

"मंग मी काय बी बोललो तरी चालंल?"

"तुला जे सांगायचं ते सांग," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "किंवा काहीच सांगू नकोस."

देवाची भीती घालून बोलायला लावलं असतं तर सोपं होतं. दोष देवाच्या माथी मारता आला असता. आता देव मध्ये नव्हता. समोर शेठ डोळे अर्धे मिटून बसले होते, आणि दाराशी भामा पदराचं टोक दातात धरून उभी होती.

"चूल पेटवली मी," तुळशीराम म्हणाला. "म्हातारा खोकत होता. पन मी तिथं चुलीसाठी नाय बसलो. शेठनी धाडला म्हनून बसलो. वसुलीला. त्याच्या आधी दुसऱ्याच्या दारी बसलो, त्याच्या आधी तिसऱ्याच्या. माजं कामच त्या हाय. शेठचं देनं हाय माज्यावर, त्याच्यात ते मजुरी कापतात."

वकील उठले, बसले, पुन्हा उठले. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "गुन्हा कबूल करतोयस, कळतंय ना तुला?"

"कलतंय. बसलो ना मी. सगल्यांनी बघितलाय."

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर लागला. पहिला आरोपी तुळशीराम याने कर्जदाराच्या घरासमोर वसुलीसाठी रेंगाळल्याचं स्वतःच मान्य केलं आहे. पन्नास रुपये दंड, न भरल्यास पंधरा दिवसांची साधी कैद. दुसरे आरोपी दयारामशेठ यांनी त्याला पाठवलं याला मात्र पहिल्या आरोपीच्या शब्दापलीकडे पुरावा नाही, आणि आरोपीच्या अशा शब्दावर दुसऱ्या आरोपीला दोषी धरता येत नाही. ते निर्दोष. मॅजिस्ट्रेटनी हे वाचताना शेठकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

शेठ खुर्चीतून उठून थेट नाझराच्या टेबलाशी गेले. दंडाचे पैसे तिथेच भरायचे. खिशातून त्यांनी नोटा काढल्या, अंगठा जिभेला लावून मोजू लागले. चेहऱ्यावर राग नव्हता. "तुळश्या, मूर्खा," ते मऊ आवाजात म्हणाले, "चल घरी. भामा वाट बघतेय."

तुरुंगाच्या दारातूनही हा माणूस त्याला ओढून परत पडवीत नेणार होता, आणि वर पन्नास रुपये चढणार होते. व्याज आजपासून. नाझर पावती लिहायला दौत पुढे ओढत होता. त्याचं काम पैसे घ्यायचं. कुणाचे, हे तो विचारणार नव्हता.

"थांबा सायब," तुळशीराम नाझराला म्हणाला. मग शेठकडे वळला. "शेठ, ह्ये पैसे मला कर्जाऊ देता काय?"

शेठचा अंगठा थांबला.

"आताच वकील सायब बोलले, तुमी कोनाला कर्ज देत नाय. मंग ह्या काय? दान?"

मागच्या बाकावरची मंडळी उठून जवळ आली होती. ठमाबाईही. शेठनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. कोर्टाच्या आवारात, चार साक्षीदारांदेखत, बिनपरवान्याचं कर्ज देताना धरलं जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. राहिलं दान. शेठ कोळीवाड्याच्या मंडळींकडे बघत राहिले. आज एका देणेकऱ्याला दान दिलं तर उद्या सकाळी दुकानात कोण कोण येईल, याचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता.

"बोला की शेठ," ठमाबाई म्हणाली. "दान म्हनलं तर पुन्य तरी लागंल."

शेठनी नोटा पुन्हा घडी करून खिशात घातल्या.

राफेल पुढे झाला. त्याच्या हातात काही नव्हतं, तरी तो म्हणाला, "मी संध्याकाळपर्यंत जमवतो. डॉक्टरांना मागतो."

"नको, सायब. मंग मी तुमचा देनेकरी, आनि तुमी डाक्टरचे." तुळशीराम जरासा हसला. "कोन कोनाच्या ओट्यावर बसनार मंग?"

सिप्पोराने तोंड फिरवलं. शिपायाने तुळशीरामच्या दंडाला धरलं. अगदी घट्ट नव्हे. सबजेल तिथून फार लांब नव्हतं. ते आवारातून निघाले तशी भामा त्यांच्यामागे आली. शेठ फाटकाशी उभे होते, भामाला ऐकू जाईल अशा बेताने.

"पडवी रिकामी लागेल मला," ते म्हणाले. "उद्यापासून."

"आजच घ्या," भामा म्हणाली. कमरेची किल्ली सोडून तिने त्यांच्यापुढे धरली. शेठनी किल्ली घेतली नाही म्हणून तिने ती फाटकाच्या दगडावर ठेवली. मग नवऱ्याला म्हणाली, "मी आयेकडं जाते, उरनला. गाडीभाडं ठमाबाईकडनं घेते."

"तिचं लगेच फेड."

"कलतंय मला."

शेठनी पंधरा दिवसांनंतरचा विचार केला असावा. आवाज अजून मऊच होता. "सुटशील ना रे तू? देणं काही तुरुंगात फिटत नाही. महादेवचं आहे, तुझं आहे. कुठेही गेलास तरी माझा माणूस येईल तुझ्या दारी."

तुळशीराम थांबला. शिपाईही थांबला. सुटल्यावर काय, हे तुळशीरामला ठाऊक नव्हतं. मिठागरावर काम मिळेल की तिथल्या ठेकेदारापर्यंत शेठचा निरोप आधीच पोचलेला असेल, सासू किती दिवस ठेवून घेईल, महादेव जिवंत तरी आहे का, यातलं काहीच. कर्ज होतं तेवढंच होतं, एक पैनेही कमी झालेलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या दारात बसायला लागणारा माणूस देणेकऱ्यांतूनच कसा उचलतात, हे त्याच्याइतकं पनवेलात कुणाला माहीत नव्हतं, आणि मागे उभी असलेली कोळीवाड्याची माणसं ऐकत होती.

"या, शेठ," तो म्हणाला. "पन मानूस धाडू नका. तुमी सोता येऊन बसा."